बारा इंचांचं पातं, सतरा इंचांचं म्यान

संगीन, म्हणजे बंदुकीच्या तोंडाशी लावायचं पातं, म्यानात पूर्ण गेली होती. परज, म्हणजे मुठीपुढची आडवी पट्टी, म्यानाच्या तोंडाला नीट टेकली होती. तरी म्यानाचा खालचा भाग दोन बोटांत धरून दाबला की चामडं आत जायचं. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, ओसरीवर, पितळी ताटात ठेवलेली ही जोडी मी पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा माझी बोटं तिथे अडलेली पाहून आजी म्हणाल्या, "खाली मोकळंच हाय त्ये. पातं तुटल्यालं हाय न्हवं. आमचं आजेसासरं बसऱ्याला व्हतं, तिथं तुर्काच्या अंगात मोडलं."

मला बोलावलं होतं ते विक्रीसाठी. आजींचा नातू हिंजवडीत नोकरी करतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा तो भाचा. जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं आणि आवराआवरीत ही संगीन देवघराच्या कोनाड्यातून बाहेर आली. पोराने फोटो काढून मुंबईच्या एका खरेदीदाराला पाठवले. उत्तर आलं: संगीन नको, नुसतं म्यान द्या. आणि म्यानासाठी सांगितलेला आकडा पोराने संगिनीसाठी मनात धरलेल्या आकड्यापेक्षा मोठा होता.

"काका, फाटक्या चामड्याला एवढे पैसे का?" त्याने फोनवर विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. संगीन घेऊन तो पुण्याला यायला निघाला होता, त्याला म्हटलं थांब, मीच येतो. शस्त्र नियमांच्या पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, भाला यांच्या रांगेत संगीन नावानिशी लिहिलेली आहे. सणासुदीच्या दिवसांत पोलिसांची जमावबंदी आणि शस्त्रबंदी लागू असते. एसटीत मांडीवर ती घेऊन बसणं शहाणपणाचं नव्हे. घरात ठेवायला परवाना लागतो का, हे त्या भागासाठी केंद्र सरकारची अधिसूचना आहे की नाही यावर ठरतं, आणि ते पोलीस ठाण्यात लेखी विचारावं, असं मी प्रत्येकाला सांगतो. बहुतेक जण विचारत नाहीत.

मी पिंपरीच्या एका टूलरूममध्ये एकतीस वर्षं मोजमापं तपासली. गोष्ट ऐकायला मला आवडते, पण हात आपोआप व्हर्नियरकडे, म्हणजे मोजमापाच्या पट्टीकडे जातो. ओसरीवर चहा येईपर्यंत मी पातं मोजून मोकळा झालो होतो.

अक्षरांतलं कुंकू

दर खंडेनवमीला या घरात हत्यारं काढून पुसतात, खोबरेल तेलाचा हात फिरवतात आणि हळदकुंकू वाहतात. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि मधोमध ही संगीन. शंभर वर्षांचं नसेल, पण सत्तर-ऐंशी वर्षांचं कुंकू तरी त्या पोलादात बसलेलं होतं. त्याचा मला फायदाच झाला. मुठीजवळच्या सपाट भागावरचे ठसे इतके झिजलेले होते की नुसत्या डोळ्यांना लागले नसते. खोबणीत बसलेल्या कुंकवाने अक्षरं तांबडी उठून दिसत होती. भिंग लावायच्या आधीच मी ती वाचली.

वर मुकुट. खाली जी आर, म्हणजे पंचम जॉर्ज. त्याखाली १९०७. त्याखाली ५ आणि '१७. शेवटी विल्किन्सन.

घरात सगळे हिला "१९०७ ची" म्हणत. ही चूक जुन्या बाजारातले विक्रेतेही करतात, काही नकळत, काही कळून. १९०७ हे नमुन्याचं वर्ष आहे. या नमुन्याच्या प्रत्येक ब्रिटिश संगिनीवर ते असतंच. तयार झाल्याची तारीख खालची: मे १९१७. बाकी अंगलक्षणं तिला जुळत होती. सुरुवातीच्या संगिनींच्या परजेला खाली वळलेला आकडा असायचा, तो १९१३ मध्ये बंद झाला, हिला नव्हता. मुठीच्या बुडाशी चिखल निघून जावा म्हणून आरपार भोक पाडायला १९१६ पासून सुरुवात झाली, हिला होतं. पलटून पाहिलं तर दुसऱ्या बाजूला सरकारी मालकीचा रुंद बाण, पातं वाकवून तपासल्याची फुली आणि निरीक्षकांचे बारके मुकुट.

सरकारी माल रीतसर विकला गेला तर त्यावर दोन बाण टोकाला टोक लावून ठोकायची पद्धत होती. तशी जोडी इथे नव्हती. म्हणजे कागदोपत्री ही संगीन अजून राजाचीच. हे मी हसत सांगितलं, पण नातू दचकला. त्याला सांगावं लागलं की मागायला कोणी येणार नाही.

मुठीच्या बुडावर तीन आकडी क्रमांक होता. घरच्यांच्या मते तो खापरपणजोबांचा फौजी नंबर. इथे आजींनी स्वतःच पुरावा आणून दिला. कापडाच्या पुरचुंडीत एक कांस्याचं पदक होतं, पहिल्या महायुद्धाचं विजय पदक. त्याच्या जोडीचं चांदीचं पदक बहात्तरच्या दुष्काळात सोनाराकडे गेलं. "दोन पोती ज्वारी आली त्यात," आजी म्हणाल्या. कांस्याला सोनाराने विचारलं नाही म्हणून ते उरलं. या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कुंकू इथेही लागलेलं होतं. ओलसर कापूस फिरवून वाचलं: चार आकडी क्रमांक, शिपाई, नाव, ११४ मराठा.

म्हणजे माणूस खरा, पलटण खरी. ११४ मराठा पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढली, आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकतच्या लढाईत तिला २८ शौर्यसन्मान मिळाले. आजेसासरे बसऱ्याला होते हे घरच्यांनी रचलेलं नव्हतं. पण पदकावरचा क्रमांक आणि संगिनीवरचा क्रमांक एक नव्हते. संगिनीवरचा आकडा बहुधा हत्यारखान्यात बंदुका ठेवायच्या घोडीवरचा, कुठल्या खाचेत कुठली बंदूक आणि कुठली संगीन एवढंच सांगणारा. शिपाई बदलतात, खाच तीच राहते.

मोडलं की कापलं

आता पात्याकडे. या नमुन्याचं पातं मुळात १७ इंचांचं. एवढं लांब का, यामागे साधी बेरीज आहे. आधीची लांब ली-एनफील्ड बंदूक सुमारे साडेएकोणपन्नास इंच आणि तिची संगीन १२ इंच. पुढे घोडदळ आणि पायदळ दोघांना एकच बंदूक द्यायची म्हणून नळी आखूड केली; नवी बंदूक साडेचव्वेचाळीस इंचांवर आली. समोरच्याची बंदूक-संगीन आपल्यापेक्षा लांब राहील या भीतीने गेलेले पाच इंच पात्यात भरून काढले. बेरीज दोन्हीकडे साडेएकसष्ट. फलंदाजाने बॅट आखूड घेतली म्हणून हात लांब करून घ्यावा, तसला हा हिशोब.

माझ्यासमोरचं पातं बारा इंचांचं होतं. घरची गोष्ट अशी, की लढाईत मोडलं, मग घरी आल्यावर लोहाराने घासून टोक काढून दिलं. अशक्य नाही. गावच्या लोहाराने पहारीला टोक काढावं तसं संगिनीलाही काढलं असतं. पण मग पातं किती उरायला हवं होतं? मोडणारं पोलाद मोजून मोडत नाही. साडेदहा उरलं असतं, तेरा उरलं असतं. हे नेमकं बारावर होतं, आणि बारा इंच हा आकडा मला ओळखीचा होता.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० नंतरच्या काळात, हिंदुस्थानी सैन्याने आपल्या सतरा इंची संगिनी कापून बाराच्या आसपास आणल्या. जंगलात, ट्रकमध्ये, खंदकात ते लांब पातं अडचणीचंच झालं होतं. जुनी होती ती कापली. नवी होती ती कलकत्त्याजवळच्या इशापूर रायफल कारखान्यात मुळातच आखूड घडवली. साडेएकसष्टाचा हट्ट तीसेक वर्षांत असा सुटला.

कापलेलं पातं ओळखायची खूण नाळेत असते. पात्याच्या पोटातून जाणारी ही उभी खोबण मूळ सतरा इंची संगिनीत टोकाच्या बरीच आधी संपते, शेवटी भरीव पोलाद राहतं. पातं आखूड केलं की ते भरीव पोलादच निघून जातं आणि नाळ नव्या टोकापर्यंत धावत येते. इथे तसंच होतं. पण एवढ्याने लोहार बाद होत नाही. लोहाराने घासलं असतं तरी नाळ अशीच दिसली असती. म्हणून मी माझ्याकडची कापलेली एक संगीन बरोबर नेली होती. दोन्ही पाती कागदावर ठेवून टोकांभोवती पेन्सिल फिरवली, मग एक रेघ दुसरीवर ठेवून उजेडात धरली. दोन्ही टोकांचा उतार एक. कडेने फरक कुठेही अर्ध्या मिलिमीटरच्या वर नाही. गावच्या लोहाराने साचा न बघता सरकारी कारखान्याचा उतार काढला असं म्हणायचं असेल, तर त्या लोहाराला पिंपरीत फोरमन करायला हवं होतं.

तेव्हा हे पातं मोडलेलं नाही. कार्यशाळेत कापलेलं आहे, आणि तेही दुसऱ्या महायुद्धात. १९१९ मध्ये परतलेल्या शिपायाने या रूपात ते घरी आणलेलं असू शकत नाही.

हे ओसरीवर लगेच बोलायचं धाडस मला झालं नाही. मी विचारलं, पुढच्या पिढीत कोणी फौजेत होतं का? "मामंजी व्हते की," आजी म्हणाल्या. सासरे बेळगावला भरती झाले, मराठ्यांतच, आणि सेहेचाळीस साली परत आले. इटलीचं नाव ते घ्यायचे. त्यांच्या पराक्रमाची मात्र घरात एकही गोष्ट नव्हती. "मामंजी बोलायचंच न्हाईत," एवढंच. बोलले नाहीत म्हणून त्यांची संगीन बापाच्या नावावर गेली असावी असा माझा तर्क आहे. ती त्यांनी आणली की नंतर कुठे भंगारात मिळाली, हे ती संगीन सांगत नाही.

म्यान

खरेदीदाराची नजर म्यानावर का, ते आता. पोलाद टिकतं; शिवलेलं चामडं टिकत नाही. सतरा इंची संगिनी लाखांनी बनल्या आणि पुष्कळ उरल्या. म्यानं ओलीने, उंदरांनी, तेलाने आणि वापराने गेली. हिंदुस्थानात तर संगिनी कापल्या तेव्हा म्यानंही खालून छाटून, टोक परत बसवून आखूड केली. पूर्ण लांबीचं, मूळ टोकाचं म्यान इथे सापडलं की ज्याच्याकडे उघडी संगीन आहे तो टपूनच असतो. आमच्या छंदात याला जोडी लावणं म्हणतात. परजेला वळलेला आकडा असलेली, १९१३ पूर्वीची दुर्मिळ संगीन घ्यायची, तिला कुठलंही जुनं म्यान घालायचं आणि "मूळ म्यानासह" म्हणून मांडायची. म्यानाच्या शिवणीजवळचा ठसा वाचायची तसदी फार थोडे ग्राहक घेतात.

या म्यानावर तो ठसा होता. लंडनच्या हेपबर्न, गेल अँड रॉस या कातडं कमावणाऱ्यांची तीन अक्षरं, बाण आणि '१६. म्हणजे म्यान पात्याहून वर्षभर जुनं. ही तफावत संशयाची नाही. म्यानं एका कारखान्यात, पाती दुसऱ्या, दोघांची गाठ भांडारात पडायची. जन्मतारखा जुळाव्यात असा आग्रह धरला तर एकही संगीन अस्सल ठरणार नाही.

आपल्याकडच्या जुन्या शब्दांत सांगायचं तर म्यानाच्या तोंडाची धातूची पट्टी म्हणजे मोहनाळ आणि टोकाची टोपी म्हणजे तैनाळ. तलवारीच्या म्यानाला हे शब्द आहेत, संगिनीच्या म्यानालाही ते चपखल बसतात. इथे दोन्ही पोलादाच्या, मध्ये पाठीवर शिवलेलं चामडं. मोहनाळीच्या आत पात्याला धरून ठेवणाऱ्या पोलादी पट्ट्या अजून जिवंत होत्या. म्हणून संगीन आखूड असूनही गळून पडत नव्हती.

प्रश्न असा होता: हे लांब म्यान आणि हे आखूड पातं एकत्र कधी आलं? काल एखाद्या भंगारवाल्याने जोडलं असेल, तर मी स्वतःच म्हणालो असतो, म्यान वेगळं द्या आणि घराच्या पायाला पैसे लावा. तसं नसेल तर गोष्ट वेगळी.

उत्तर म्यानाच्या अंगावरच होतं. पहिल्या दिवशी बोटांना लागलेला मऊपणा सगळीकडे नव्हता. मोहनाळीपासून बारा इंचांपर्यंत आत पातं, ते चामड्याला आधार देतं. खालचे तीनेक इंच तैनाळीचं पोलाद. मध्ये दोन इंच उरतात, ज्यांच्या आत काही नाही आणि बाहेर काही नाही. म्यान भिंतीला टेकलं, ताटात ठेवलं, कोणी बसता-उठता धक्का दिला, की वाकणार ते तिथेच. आणि तिथेच चामड्याला आडवी घडी पडलेली होती. एका दिवसाची नव्हे. घडीच्या तळाशी रंग जाऊन तंतू दिसत होते, आणि कडांवर वर्षानुवर्षांच्या तेलाचा काळा थर चढलेला होता. लहान दिवा आत सोडून पाहिलं, तर घडीच्या जरा वर चामड्याला आतून फोड आलेला. पात्याचं टोक जिथे सतत टेकत राहिलं, तिथे.

सतरा इंचांचं पातं आत असतं तर तिथे ना घडी पडली असती ना फोड आला असता. म्हणजे हे पातं आणि हे म्यान काही दशकं एकत्र नांदलेले आहेत. जोडी सरकारने लावली, शिपायाने की घरच्यांनी, ते बाजूला ठेवू. बाजाराने लावलेली नाही. ती घडी हा एवढा एकच पुरावा आहे, आणि तो दोन्ही वस्तू एकत्र असल्या तरच वाचता येतो. म्यान मुंबईला गेलं असतं तर तिथे पहिल्या आठवड्यात आत पट्टी घालून, मेण लावून घडी सरळ केली असती. घडी म्हणजे दोष, आणि दोष काढला की किंमत वाढते. पाठीमागे राहिलेलं पातं मग "विल्किन्सन, कापलेलं, म्यान नाही" एवढंच.

मी हे साळसूदपणे सांगतोय, पण असं पाप माझ्या हातून झालेलं आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक फौजी खुकरी मिळाली. म्यान कुजलेलं होतं, शिवण उसवलेली. मी डेहराडूनचं नवंकोरं म्यान आणून घातलं आणि जुनं कचऱ्यात टाकलं. फौजी खुकरीच्या म्यानावरही बनवणाऱ्याचे आणि तपासनिसाचे ठसे असतात, हे मला दोन वर्षांनी कळलं. ती खुकरी आजही माझ्याकडे आहे. कोणी विचारलं की कुठली, तर मला पात्यावरचं सोडून काही सांगता येत नाही.

नातवाला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, परदेशातून चांगला भाव येईल असं कोणी म्हणालं तर तो दरवाजा बंद समज. म्यान १९१६ चं, पातं १९१७ चं. शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर पाठवणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याने गुन्हा ठरू शकतं. दुसरी, विकायचंच असेल तर दोन्ही एकत्र वीक, आणि घडी तशीच ठेवणाऱ्याला. तुम्हीच घेता का, असं त्याने मला विचारलं. खोटं कशाला सांगू, मोह झाला. पण आजी ताट उचलून आत घेऊन गेल्या होत्या, आणि व्यवहाराची भाषा तिथेच थांबली.

डागडुजी

विक्री झाली नाही, पण नवं घर उभं राहीपर्यंत आठ महिने जोडी माझ्याकडे राहिली; तसं पत्र पोलीस ठाण्यात देऊन. काम थोडंच होतं, वेळ फार गेला.

पहिलं म्हणजे पातं म्यानातून बाहेर. कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं, ते ओल धरतं, आणि पावसाळ्यात म्यानात ठेवलेलं पोलाद दोन-तीन वर्षांत फुटकुळ्या दाखवू लागतं. कोकणात तर एका पावसात. वापरातली संगीन म्यानात शोभते, जपायची संगीन म्यानाशेजारी ठेवायची. लोकांना हे पटत नाही, म्यान मग कशाला असतं म्हणतात.

पात्यावरचा तांबडा गंज शिवणयंत्राचं तेल लावून रात्रभर भिजवला आणि जुन्या तांब्याच्या पैशाच्या कडेने खरवडला. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही. काळपट झालेला जुना थर राहू दिला. नातवाची इच्छा होती की शिकलगाराकडून आरशासारखं करून घ्यावं. त्यांचा हात चांगला, पण त्यांचं कसबच धार आणि चकाकी आणण्याचं; दगडावर एक फेरी, आणि विल्किन्सनचं निम्मं नाव गेलं असतं. अक्षरांतलं कुंकू काढायचं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. पुस्तकी उत्तर काढ असं आहे, कारण ते ओल धरतं. मी पात्यावरचं काढलं आणि ठशांतलं ठेवलं, वरून संग्रहालयात वापरतात ते बारीक कणांचं मेण पातळ फिरवलं. यावर कोणी मला नाव ठेवलं तर माझं काही म्हणणं नाही.

म्यानाची अवस्था दोन तऱ्हांची होती. वरचा भाग सत्तर वर्षांच्या खोबरेल तेलाने चिकट, काळा, धूळ धरलेला. खालचा भाग, जिथपर्यंत तेलाचा हात पोहोचला नाही, तो उलट कोरडा आणि विटकरी; हात लावला की भुकटी बोटांना यायची. या रोगाला संग्रहालयवाले लाल कूज म्हणतात. तिथे तेल लावणं हा घरोघरी चालणारा उपाय आहे आणि तो चामड्याचा जीव घेतो. मी क्लुसेल-जी नावाची सेल्युलोजची पूड अल्कोहोलात विरघळवून मऊ कुंचल्याने तीन वेळा दिली. आधी मोहनाळीखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहिलं होतं. भुकटी बसली, रंग एक छटा गडद झाला. वरचा चिकट थर कोरड्या कापसाने निघेल तेवढाच काढला. शिवण तीन इंच उसवलेली होती. जुन्याच भोकांतून तागाचा दोरा सैल ओवला, पुढच्याला कापून काढता यावा असा. मध्ये एके ठिकाणी गावच्या मोच्याने कधीतरी घातलेले निळ्या नायलॉनचे टाके होते. ते तसेच आहेत.

घडीला हात लावला नाही. ती आणखी फाटू नये म्हणून आम्लरहित कागद गुंडाळलेली अॅक्रिलिकची पट्टी आत सोडली, घडीपाशी थोडी आखूड, म्हणजे आधार मिळेल पण घडी उलगडणार नाही. लाकडाची पट्टी सोपी झाली असती, पण लाकूडही आम्ल सोडतं.

मग एक पान लिहिलं. मोजमापं, सगळे ठसे, घडीचा आणि फोडाचा फोटो, मी काय केलं आणि काय केलं नाही. घरची गोष्टही लिहिली, आजींनी सांगितली तशी, आणि तिच्याखाली माझं म्हणणं: पातं मोडलेलं नाही, दुसऱ्या महायुद्धात कापलेलं आहे. ते सासऱ्यांच्या काळाशी जुळतं. म्यान १९१६ चं असल्याने आजेसासऱ्यांच्या काळाशी जुळतं. ते मेसोपोटेमियाहून आलेलं असणं शक्य आहे.

नव्या घराच्या वास्तुशांतीला मी ते पान आणि जोडी घेऊन गेलो. खंडेनवमीलाही आता ताट वेगळं मांडायचं ठरलं: पातं एका कापडावर, म्यान दुसऱ्यावर, कुंकू दोन्हींच्या पुढच्या सुपारीला. आजींनी नातवाला पान मोठ्याने वाचायला लावलं. "मोडलेलं नाही" इथे त्याचा आवाज जरा अडखळला. आजींनी मान हलवली, पुढे वाच म्हणाल्या. शेवटच्या ओळीशी त्यांनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"शक्य हाय म्हंजी? म्यान त्यांचं हाय का न्हाई?"

"असेल आजी. नक्की सांगता येत नाही."

"मग नक्की म्हणून लिव्ह की. पातं गेलंच मामंजींकडं. येवढं तर ऱ्हाऊ दे त्यांचं."

पान मी परत घेतलं नाही, आणि शब्दही बदलला नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते नव्या देवघराच्या खणात होतं, आणि "शक्य आहे" या दोन शब्दांवर कुंकवाचं बोट लागलेलं होतं.